सनद आणि वकीलपत्र

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दौंड मुक्कामी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हास केली आणि विषय दिला तो वकिलीचा. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन प्राथमिक शाळेत खडू झिजविला आणि नियत वयास निवृत्त झालो. कायद्याचे पुस्तक आम्ही उघडलेले नाही. तथापि शिरूरच्या न्यायालयाबाहेरील बाकावर आम्ही अकरा वर्षे बसलो आहोत, आणि एवढ्याच पुण्याईवर हा विषय आमच्याकडे आला असावा. त्या बाकाची हकिगत शेवटी सांगू. ती सांगण्यास थोडे धैर्य लागणार आहे.

आपल्या मंडळाने यंदा एका वकील मुलीचा सत्कार योजिला होता. तिने तो नम्रपणे नाकारला. आपले नाव स्मरणिकेत छापू नये अशीही अट घातली. आमची ती विद्यार्थिनी. वडील येथील रेल्वेत नोकरीस, मूळ गाव शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी. चौथीपर्यंत ती आमच्यापुढे बसली. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी बंगळुरास गेली, तेथून दिल्लीस जाऊन एका ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली सहा वर्षे काम केले. दिल्लीच्या बार कौन्सिलच्या नामावलीत तिचे नाव लागले होते. लोक म्हणत, आता ही सर्वोच्च न्यायालयातच उभी राहणार. आणि एके दिवशी ती सामानसुमान घेऊन दौंड स्टेशनवर उतरली.

परत का आलीस, हा प्रश्न तिला प्रत्येकाने विचारला. तिकडे जमले नाही काय, असे काहींनी तोंडावर विचारले आणि काहींनी पाठीमागे ठरवून टाकले. आपल्याकडे एक चमत्कारिक समजूत आहे की, जो बाहेर जातो तो हुशार आणि जो परत येतो तो हरलेला. तिने उत्तर एकच दिले. “गुरुजी, तिकडे वकील पुष्कळ आहेत,” एवढेच ती म्हणाली.

परत येणे कागदोपत्री फारसे अवघड नसते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याच्या १८ व्या कलमात सोय आहे. एका राज्याच्या नामावलीतील नाव दुसऱ्या राज्याच्या नामावलीत नेण्यासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अर्ज करावयाचा. त्यास फी नाही आणि वकिलाची ज्येष्ठताही कायम राहते. याप्रमाणे तिचे नाव महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे आले. अडचण आली ती भाषेची. ऐकून नवल वाटेल, मुलगी मराठी आणि अडचण मराठीची! १९९८ साली महाराष्ट्रातील उच्च न्यायालयाखालील न्यायालयांची भाषा मराठी ठरली. तालुक्याच्या न्यायालयात दावा, कैफियत, दरखास्त, मनाई हुकूम, निशाणी, पुरसीस ही भाषा चालते. हिचे सारे शिक्षण इंग्रजीत. ‘पुरसीस’ हा शब्द तिने दिल्लीत ऐकलाच नव्हता. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात दोन पिढ्यांची भांडणे कशी दडलेली असतात, फेरफाराची नोंद कोणी कोणत्या रात्री मंजूर करून घेतली, मोजणीचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांध यांत हातभराचे अंतर का पडते, हे तिला कोणत्याही महाविद्यालयाने शिकविले नव्हते. ते तिने येथील जुन्या कारकुनांकडून, अर्ज लिहून देणाऱ्या मंडळींकडून आणि स्वतःच्या चुलत्याकडून शिकून घेतले. आठवड्यातून दोन दिवस शिरूर, उरलेले दिवस दौंड. न्हावऱ्यावरून चौफुल्यास, आणि तेथून इकडे, असा तिचा फेरा कधी एस.टी.ने तर कधी स्वतःच्या दुचाकीवरून चालतो.

आता कोणी विचारील, या दोन तालुक्यांस एवढ्या शिकलेल्या वकिलाची गरज ती काय? याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. शिरूर तालुक्यातील करडे हे गाव आपणांपैकी अनेकांनी पाहिलेले आहे. १८७४ सालच्या डिसेंबरात तेथील एका देशमुखावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा झाला आणि सावकार त्याचे घर पाडावयास निघाला. गाव बिथरले. गावाने सावकाराशी सर्व व्यवहार बंद केला. त्याच्या शेतावर कोणी राबेना, त्यास पाणी कोणी भरेना. ही गोष्ट गावोगाव पसरली आणि १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात दंगा झाला. दंगेखोरांनी मागितले काय? धान्य नव्हे, पैसा नव्हे; त्यांनी मागितले खत आणि रोखे, आणि ते हाती आल्यावर जाळले. इतिहासात यास दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हा दिसून आले की, कुणब्यांवर झालेले बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होते. शेतकरी न्यायालयात जातच नसे. गेला तरी त्याचे म्हणणे मांडणारा कोणी नसे, आणि आपण अंगठा कशावर उठविला हेही त्यास ठाऊक नसे.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस तो लागू केला. न्यायाधीशाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता मूळ देण्याघेण्याची चौकशी करावी, अशी त्यात योजना होती. याच कायद्याच्या कामी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या जिल्ह्यांतून फिरती केली. त्या कायद्यातील आणखी एक तरतूद आम्हास फार बोलकी वाटते. लहान रकमेच्या दाव्यांत वकिलाने उभेच राहू नये, असा त्यात निर्बंध होता. वकील म्हटला की तो सावकाराचाच असणार, हे सरकारने जणू गृहीत धरले होते. आणि त्या काळी ते फारसे चुकीचेही नसावे. शेतकऱ्याचा वकील हा प्राणी तेव्हा आपल्या बाजूस जन्मलाच नव्हता.

असा वकील बाहेरून शिकून आला, तर त्याचे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. आम्ही डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांविषयी बोलत आहोत. आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यात दुसऱ्या समाजाच्या पुरुषाचे चरित्र कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यांनी ते मनातच ठेवावे. घटना लिहिताना त्यांनी ज्ञाती पाहिली नाही. शिवाय ते आपल्या बाजूचे पाहुणे होऊन गेले आहेत. १९२७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस ते कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभापाशी आले होते. परंतु त्या दिवसाआधीची दहा वर्षे आपण सहसा वाचत नाही, आणि आज सांगावयाचे आहे ते तेच.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली अमेरिकेस गेले. अट अशी की, परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानात नोकरी करावी. १९१६ साली ते लंडनला आले आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या जहाजाने येत होता. ते युद्धात बुडाले.

करारास जागून ते बडोद्यास गेले. एवढा शिकलेला अधिकारी, परंतु कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकीत. राहावयास जागा मिळेना, म्हणून नाव बदलून एका विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम भरून गेले. ओळखीच्या दोघांकडे आसरा मिळाला नाही. शेवटी कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे आणि ते वाचताना आमच्यासारख्या शिक्षकाचा जीव आजही गलबलतो. चाळीस वर्षे आम्ही मुलांना सांगत आलो की, शिका म्हणजे मान मिळेल. त्या बागेत बसलेल्या तरुणाजवळ विद्या काय कमी होती?

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० अशी प्राध्यापकी केली, पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या स्नेह्याने कर्ज दिले, आणि ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ च्या एप्रिलमध्ये परतले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीची परवानगी मिळाली, तिच्यासाठी लागलेले पैसेही त्याच स्नेह्याने दिले.

येथे आम्हास थोडे थांबावयाचे आहे. सनद तर मिळाली, पण काम? उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरास काम मिळे ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे सॉलिसिटर काम पाठवीनात. म्हणून त्यांनी अपिलाची शाखा धरली आणि बाहेरगावच्या न्यायालयांतील कामे घेतली. कोलंबियाची व लंडनची विद्या मिळविलेला हा पुरुष परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होता आणि संसार चालावा म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेबशिक्षणाच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होता. कचेरी होती दामोदर हॉलमध्ये. तेथे येणारी माणसे गरीब; ती फी काय देणार? पण ती येत होती. आपला एक मनुष्य कायदा शिकून आला आहे, हे त्यांस कळले होते.

मोठे काम आले ते पुण्याहून, आणि तेही दुसऱ्या समाजाच्या लोकांकडून. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला होता. या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी बाबासाहेबांस वकील दिले. १९२६ च्या ऑक्टोबरात ते सर्व सुटले. त्या पुस्तकाची भाषा कशी होती, त्यावर आजही दुमत होईल. आम्हालाही ती सर्व रुचत नाही. परंतु ज्याच्या हातचे पाणी अनेकांस चालत नव्हते, त्याच्या हाती आपली सुटका सोपविण्याची बुद्धी त्या मंडळींस झाली, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजूही बाबासाहेबांनीच मांडली. तो खटला ते हरले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ अखेरीपासून १९३७ पर्यंत चालला. त्यात ते स्वतः प्रतिवादी होते, आणि शेवटी उच्च न्यायालयात जिंकले. दहा वर्षे एका तळ्याच्या पाण्यासाठी! आपल्या बांधाच्या दाव्यास दहा वर्षे लागली म्हणून आपण कपाळ बडवितो.

बंधूंनो, आमच्या या विद्यार्थिनीची तुलना त्या महापुरुषाशी आम्ही करीत नाही. तसे केले तर तीच आमच्यावर रागावेल. तिला कोणी पाणी नाकारले नाही. उलट चहा फार पाजला. तिने दौंडला खोली घेतली, पाटी लावली, तेव्हा आपल्या समाजाची माणसे रोज येत. कोणी वाटपाचे कागद दाखवी, कोणी कालव्यात वा औद्योगिक वसाहतीत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे. ती सर्व वाचून देई, मुद्दे काढून देई. मंडळी ते मुद्दे कागदावर उतरवून घेत आणि वकीलपत्र पुण्याच्या वकिलास देत. “आपलीच पोरगी आहे, तिला फी काय द्यावयाची?” हे एक तोंड, आणि “आपली पोरगी आहे, तिला काय जमणार?” हे दुसरे. दोन्ही तोंडे एकाच माणसास असतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो, कारण तो मनुष्य आम्ही स्वतः आहोत.

आता त्या बाकाची हकिगत. आमच्या आजोबांची जमीन शिरूर तालुक्यात. चुलत भावांशी वाटप झाले नाही म्हणून आम्ही दावा लावला. वकील दिला पुण्याचा, मोठ्या नावाचा. ते स्वतः क्वचित येत, साहाय्यकास पाठवीत. तारखांमागून तारखा पडल्या. ही मुलगी परत आली तेव्हा दाव्यास दहावे वर्ष लागले होते. एके दिवशी बाकावर आमच्याशेजारी बसून तिने आमची पिशवी मागून घेतली. अर्ध्या घटकेत कागद चाळले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, यात तुमच्या आत्याबाई कोठे आहेत?”

आमच्या दोन आत्या. एक वारली, तिची मुले आहेत. दुसरी हयात आहे, पाटसच्या बाजूस दिलेली. आजोबा वारले ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. म्हणजे त्यांच्या हिश्श्यात मुलींचा वाटा होताच. आम्ही म्हणालो, “त्यांनी केव्हाच सोडले. साडीचोळी घेतली.” ती म्हणाली, “हक्कसोडपत्र नोंदविलेले आहे काय?” नव्हते. “मग त्यांना पक्षकार केल्यावाचून हे वाटप टिकणार नाही. वरच्या न्यायालयात कोणीही हा मुद्दा काढील आणि दहा वर्षे पाण्यात जातील.”

आम्हास राग आला. खरे बोलतो, कृतज्ञता वाटली नाही, राग आला. जिला आम्ही बाराखडी शिकविली, ती आमच्या घरच्या बायकांचा वाटा आम्हास शिकविणार! त्याहून खोल कारण असे की, आत्यांचे नाव दाव्यात नाही हे आम्हास पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पुण्याच्या वकिलांनी वंशावळ विचारली तेव्हा आम्ही ती मुलांपुरतीच सांगितली होती. चूक त्यांच्या माथी मारून आम्ही आजवर गप्प बसलो होतो. घरी येऊन मंडळींना सांगितले, तेव्हा त्या भाकरी थापता थापता एवढेच म्हणाल्या, “तुमच्या बहिणींनीसुद्धा साडीचोळीच घेतली ना?”

चार महिने आम्ही त्या मुलीच्या खोलीकडे फिरकलो नाही. दुरून दिसली तर रस्ता बदलला. त्याच काळात मंडळाच्या सभेत तिच्या सत्काराचा ठराव आला, आणि आम्हीच त्यास अनुमोदन दिले. शाल, श्रीफळ, मानपत्र. तिने तो नाकारला, तो विनय आहे असे आपण सर्व म्हणालो. विनय असेलही. आम्हास मात्र त्या वेळी मान वर करवली नाही.

परदेशातून आलेल्या बॅरिस्टराकडे परळची गरीब माणसे का जात असतील, याचा विचार आम्ही त्या दिवसांत पुष्कळ केला. त्यांस गोड उत्तर नको होते. त्यांस खरे उत्तर हवे होते, आणि दुसरीकडे ते मिळत नव्हते. आमचे उलट होते. आम्हास गोड उत्तर देणारा वकील पुण्यास मिळत होता, म्हणून आम्ही पन्नास-साठ कोस जाऊन येण्यास तयार होतो.

मंडळाकडे आमची एक विनंती आहे, ती येथे नोंदवून ठेवतो. शिष्यवृत्तीची रक्कम आपण मुलांना शिकावयास जाताना देतो. शिकून जो परत येतो, त्यास पहिली दोन वर्षे काढणे सर्वांत कठीण असते. खोलीचे भाडे, पुस्तके, टंकलेखनाचा खर्च कोणास चुकत नाही. त्या दोन वर्षांसाठी बिनव्याजी रक्कम देण्याचा ठराव पुढील सभेत यावा. आणि सभासदांनी सल्ला घेतला तर त्याची फी द्यावी, आपला असो वा परका. आपल्या ज्ञातीच्याच वकिलाकडे जावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तसे पुण्याच्या जेधे-जवळकरांनी केले असते तर १९२६ चा तो खटला वेगळा झाला असता.

राहिली आमची तारीख. गेल्या दिवाळीनंतर आम्ही पाटसकडे आत्याबाईंकडे गेलो. वय शहाऐंशी, दृष्टी अधू, पण आवाज खणखणीत. सर्व ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “इतकी वर्षे कोणी विचारले नाही रे.” दुसरे काही बोलल्या नाहीत. जुन्या वकिलांची ना-हरकत घेतली आणि वकीलपत्र त्या मुलीस दिले. तिने फीची पावती लिहून आमच्या हाती ठेविली; आम्ही ती पहिल्यांदाच न कुरकुरता घेतली. आत्याबाईंना आणि वारलेल्या आत्यांच्या मुलांना पक्षकार करण्याचा अर्ज मंजूर झाला आहे. आमचा वाटा त्यामुळे कमी होणार, हे तिने आधीच लेखी मांडून दाखविले होते.

वकीलपत्रावर आत्याबाईंच्या अंगठ्यासाठी कारकुनाने शाईची गादी पुढे केली. त्यांनी ती बाजूस सारली, लेखणी मागितली, आणि बराच वेळ घेऊन स्वतःचे नाव माहेरच्या आडनावासह लिहिले. ते आडनाव नको, सासरचे लिहा, असे आम्ही म्हणणार होतो. वकिलाने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही गप्प राहिलो. खाली सासरचे नाव मग तिने लिहवून घेतले. पुढील तारीख पौषात आहे. शिरूरला त्या बाकावर आता आम्ही दोघे असतो.